जव्हारच्या बँडचे रोकडे मास्तर

आमच्या बँडमध्ये अकरा माणसं होती. त्यांतल्या दहाजणांना रोकडे मास्तरांनी पहिल्याच दिवशी वहाणा काढायला लावल्या. अकरावा देवजी. तो मोठा ढोल वाजवायचा आणि त्याने जन्मात कधी पायात काही घातलं नव्हतं. मास्तर त्याच्या पायांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा शिकलेला आहे."

मी क्लॅरिनेट वाजवायचो. नाशकात लग्नाच्या बँडमध्ये बरीच वर्षं काढून मी जव्हार संस्थानच्या नोकरीत आलो होतो. वर्षभराने बँडला शिकवायला मुंबईहून एक साहेब येणार असं कळलं. ते आले त्या दिवशी त्यांना बघायला पन्नास-साठ माणसं जमली होती, ती लगेच पांगली. साहेब बुटके होते, मान आखूड, मिशा खाली वळलेल्या, आणि रंग म्हणाल तर आमच्या शंकर बिगुलवाल्यापेक्षा जेमतेम एक पायरी उजळ. अंगात सुरकुतलेला काळा कोट. खांद्याला पट्ट्याने लटकवलेली एक लहानशी पेटी, भाता ओढून बटणं दाबायची.

ते इटलीचे. बोटीवरच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचे. बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांना ताप होता, ताप उतरेपर्यंत बोट निघून गेली. मग मुंबईत कुठे कुठे वाजवत राहिले. संस्थानच्या कोणा अधिकाऱ्याने तिथे त्यांना ऐकलं आणि जव्हारला आणलं. नाव रोक्को. त्यापुढचं नाव त्यांनी सांगितलं तेव्हा कारकुनाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा त्याला संकोच वाटला असावा, म्हणून त्याने रोकडे लिहिलं. तेच राहिलं.

मराठी ते आमच्याकडूनच शिकले, त्यामुळे ती कशी असणार ते उघड आहे. निम्मी देवजीच्या पाड्यावरची, चतुर्थांश माझी नाशकाकडची, उरलेली शंकरच्या शिव्या. अहोजाहो त्यांना कधी कळलंच नाही. दिवाणसाहेबांनाही ते तू म्हणायचे, आणि इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणायचे की दिवाणसाहेबांनी पुढे ते ऐकायचं सोडून दिलं. पुरुषाचं नाव ओकाराने संपलं पाहिजे असा त्यांचा नियम होता. मी गोविंद, मी गोविंदो झालो. देवजीचा देवजो झाला.

तालीम पागेशेजारच्या पडवीत चालायची. आधी तासभर सरकारी. सरकारी म्हणजे मार्च, सलामीचं, मिरवणुकीचं, पाहुण्यांपुढे वाजवायचं. ते मास्तर नीट शिकवायचे, पण चेहरा असा ठेवायचे जसा माणूस दुसऱ्याचं ओझं उचलताना ठेवतो. ते संपलं की रुमालाने कर्ण्याचं तोंड पुसायचे, कर्णा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आता माणसाचं."

मग पेटी गळ्यात यायची. माणसाचं म्हणजे त्यांच्या गावचं नाचाचं संगीत. सहा मात्रा, आपल्या दादऱ्यासारख्या, पण मागून कोणी ढकलत असावं तशा पळणाऱ्या. दोन-तीन स्वरांतच घोटाळायचं, पुढे जायचंच नाही, आणि तरी थांबायचंही नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं ही चाल अपुरी आहे, पुढचं यांना आठवत नाही. मी तसं बोललो. मास्तर म्हणाले, "गोविंदो, डोक्यात ऐकू नको. पायात ऐक." म्हणून त्या वहाणा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून आम्ही पंधरा दिवस नुसते पाय आपटले. सोळाव्या दिवशी त्या चालीसाठी वाद्यं हातात दिली. तेव्हा चाल अपुरी वाटली नाही.

त्या नाचाला ते तारांतेला म्हणायचे. देवजीला ते नाव फार आवडलं. त्याच्या पाड्यावर तारपा फुंकून नाचतात. तो म्हणाला, "आमचे तारप्याचा कोणतरी लागतो ह्यो."

जेवणाची त्यांची काही तक्रार नसायची. नागलीची भाकर, तिच्यावर खुरासणीचं तेल धारेने ओतायचं, वर लसूण ठेचून चोळायचा, आणि कच्चा कांदा. पहिल्यांदा असं जेवताना बघून देवजीने घरी जाऊन सांगितलं की मास्तर आपल्यातलेच आहेत, फक्त वाट चुकलेत.

एकदा पावसाळ्यात, दुपारच्या तालमीत, शंकरला विंचू चावला. पडवीच्या कौलातून पडला आणि पायाच्या अंगठ्याला लागला. शंकर जमिनीवर लोळायला लागला. कोणी दवाखान्याकडे पळालं, कोणी भगताला आणायला गेलं. मास्तरांनी पेटी उचलली. त्यांनी शंकरला दोघांच्या आधाराने उभं केलं आणि वाजवायला लागले. "नाच," म्हणाले. शंकर आईबहिणीवरून शिव्या देत होता. मास्तर थांबले नाहीत. एवढ्यात भगत आला, त्याने मंत्र सुरू केला, मास्तरांनी त्याच्याकडे मान हलवून नमस्कार केला आणि वाजवणं चालूच ठेवलं. भगतही थांबला नाही. दवाखान्यातून औषध आलं तेव्हा शंकर रडत रडत एका पायावर उड्या मारत होता. संध्याकाळी त्याला बरं वाटलं. कशाने, ते कोणी सांगू शकलं नाही. शंकर म्हणाला, "विंचू परवडला."

नंतर मास्तरांनी सांगितलं की त्यांच्याकडे एक कोळी चावतो. बाईला चावला की वाजवणारे तिच्या घरी येतात आणि ती नाचते. दिवसभर. कधी तीन तीन दिवस.

मी विचारलं, "आणि बरी होते?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पण तीन दिवस तिला कोणी काम सांगत नाही."

देवजीचा पाडा सूर्यमाळला. भात कापून झालं की तिकडे तारपा वाजायला लागतो. त्या वर्षी देवजी मास्तरांना घेऊन गेला आणि मलाही सोबत नेलं. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खळ्यावर मधोमध एक म्हातारा तारपा वाजवत होता आणि त्याच्याभोवती बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून सरकत होते. मास्तर उभेच राहिले. म्हाताऱ्याने दम घ्यायला तारपा खाली ठेवल्यावर त्यांनी तो हातात घेतला, भोपळा उलटसुलट करून पाहिला, बांबूच्या दोन नळ्यांवरून बोट फिरवलं, मेण लावलेल्या सांध्याचा वास घेतला.

"आमच्याकडे भोपळा नाही," ते म्हणाले. "बोकड."

"बोकड वाजवतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

मास्तरांनी समजावलं की आख्ख्या बोकडाचं कातडं काढून त्याची पिशवी करतात, तिच्यात हवा भरतात आणि मानेच्या जागी नळ्या बसवतात. म्हाताऱ्याने ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि मटण?"

"खातो."

म्हाताऱ्याला हे पटलं.

मग मास्तर पेटी घेऊन मध्ये उभे राहिले. त्यांच्या गावी या नाचाचा एक मास्तर असतो आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होतं. त्यांचे वडील ते करायचे. माणसांचं कडं उभं राहतं, मध्ये दोघंच नाचतात, आणि कोण किती वेळ नाचणार ते मास्तर ठरवतो. तो ओरडतो, पहिला बाहेर, की पहिल्याने निमूट बाहेर व्हायचं, त्याच्या जागी कड्यातल्या कोणीतरी आत यायचं. कंबरेला सुरी लावून आलेली माणसंसुद्धा ऐकायची, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं होतं. वडील वारले की ते काम मास्तरांचंच होतं, पण ते बोटीवर गेले.

सूर्यमाळच्या खळ्यावर त्यांनी दोन फेऱ्या वाजवलं आणि एका जवान गड्याकडे बोट करून म्हणाले, "पहिला बाहेर."

तो गडी गोंधळून थांबला. सगळं कडंच थांबलं. देवजीची आई लाडकी त्या ओळीत होती, पन्नाशीची असेल, काटक, पुढचे दोन दात पडलेले. ती म्हणाली, "बाहेर कठं जायाचां त्यानं? बाहेर रान हाय."

सगळे हसले. मास्तरही हसले. त्यानंतर त्यांनी कोणाला बाहेर काढलं नाही, नुसतं वाजवत राहिले. त्यांना इतकं मोकळं मी त्या दिवशीच पाहिलं.

आता पत्राचं सांगतो.

मास्तरांना अक्षरं येत नव्हती. संगीताची टिंबं आणि रेघा ते भरभर वाचायचे, पण लिहिलेला शब्द त्यांना वाचता यायचा नाही. मला हे आधी खरंच वाटेना. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे, त्यांना घरचं पत्र यायचं. त्यांची बहीण कार्मेला गावच्या पाद्र्याकडून लिहून घ्यायची. ते वाचणार कोण? जव्हारात इटलीची भाषा कोणाला येणार? पण मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलो होतो, आणि अक्षरं तीच होती. म्हणून मी मोठ्याने वाचायचो, मला एका शब्दाचा अर्थ कळत नसताना, आणि मास्तर ऐकायचे. माझा उच्चार चुकला की हात वर करायचे. "'क' नाही, 'च'." "'ह' सोड, तो म्हणायचा नाही." तीन-चार वर्षांत मला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. ऐकता ऐकता ते मध्येच हसायचे, मग मीही हसायचो. कशाला ते त्यांनी सांगितलं तर सांगितलं. एकदा कळलं की कार्मेलाचं गाढव चर्चमध्ये शिरलं होतं.

मग एका वर्षी एक पत्र होळीनंतर आलं. म्हणजे वेळ नसताना. पाकिटाला काळी कड होती. आमच्याकडे तशी पद्धत नाही, मला वाटलं नक्षी आहे.

तालमीच्या आधी, पडवीत, सकाळी मी ते उघडलं. बाकीचे वाद्यं पुसत होते. अक्षर ओळखीचं नव्हतं, दुसऱ्या कोणाचं तरी होतं, टोकदार. मी वाचायला लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीत मी चुकलो तेव्हा मास्तरांनी हात वर केला, "'च'." मी 'च' म्हटलं आणि पुढे गेलो. त्यानंतर मी बरेचदा चुकलो असणार, कारण शब्द नवे होते. पण हात वर आला नाही. मला वाटलं आज मी चांगलं वाचतोय.

पानाच्या मागच्या बाजूला शब्द एकाखाली एक लिहिलेले होते, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. ते मी शाळेत हजेरी घेतात तसे वाचले. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून, खणखणीत. कार्मेला आली तेव्हा ओळखीचं नाव म्हणून मला बरं वाटलं आणि मी मान वर करून मास्तरांकडे बघून हसलो.

ते जमिनीकडे बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"परत वाच. मागचं."

मी मागची नावं परत वाचली. मग तिसऱ्यांदा. एकोणतीस नावं होती. तिसऱ्या वेळी माझा आवाज आपोआप खाली आला, पण का ते मला अजून कळलं नव्हतं.

"पुरे," मास्तर म्हणाले. त्यांनी पत्र घेतलं, घडी केली, खिशात घातलं. मग आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाव पडलं. जमीन हलली. पहाटे."

शंकरने विचारलं, "माणसं?"

"घरात होती."

देवजीने ढोलावरचा हात काढून घेतला. मास्तरांनी कर्णा उचलला आणि सलामीचं वाजवायला सांगितलं. आम्ही वाजवलं. एक तास झाला, त्यांनी कर्ण्याचं तोंड पुसलं, खाली ठेवला, आणि "आता" म्हणाले. आम्ही वाट पाहिली. "आता घरी जा," ते म्हणाले.

त्या दिवसाबद्दल मला अनेकांनी विचारलं. तुम्हाला कसं वाटलं, गोविंदराव? खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. मी घरी गेलो, जेवलो. तोंडात त्या नावांची चव असल्यासारखी होती, म्हणून चूळ भरली. एका माणसाला त्याचं सगळं घर मेल्याचं मी सांगितलं होतं आणि सांगताना मी हसलो होतो. हे मला कळत होतं. पण कळण्यापलीकडे ते कुठे जात नव्हतं. आजही फारसं गेलेलं नाही.

रीतीप्रमाणे लोक मास्तरांच्या खोलीवर जाऊन बसायला लागले. चार-पाचजण भिंतीला टेकून बसत, कोणी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं, "हे कशाला बसतात?"

"दुखवट्याला. आमच्यात बसतात."

"किती दिवस?"

"दहा. तेरा."

त्यांनी मान डोलावली, आणि येईल त्याच्याबरोबर तेरा दिवस बसले. पाहुणा असल्यासारखे. रडले नाहीत. रडतील म्हणून काहीजण मुद्दाम येत होते, तेही कंटाळले.

त्यानंतर माणसाचं बंद झालं. पेटी खुंटीला होती, ती खाली आली नाही. तालीम पूर्वी दोन तास चालायची, ती आता सगळी सरकारी. शंकरने एकदा धीर करून म्हटलं, "मास्तर, ते पायाचं घेऊ या का?" मास्तर म्हणाले, "आज नाही." रोज तेच उत्तर मिळतं हे कळल्यावर शंकरने विचारायचं सोडलं.

आमचे मार्च मात्र सुधारले. इतके की त्या दसऱ्याच्या मिरवणुकीत बाहेरच्या पाहुण्यांनी थांबून ऐकलं. एक सूर इकडचा तिकडे नाही, एक पाऊल चुकलेलं नाही. महाराजांनी मास्तरांना बोलावून पागोटं दिलं. जव्हारचा बँड तेवढा चांगला आधी कधी वाजला नव्हता आणि नंतरही वाजला नाही. पागोटं घेऊन बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, "बघ, आता आपण घड्याळ झालो."

दिवाळीनंतर ते एक दिवस माझ्या घरी आले, कागदांचं बाड घेऊन. म्हणाले, "लिही."

त्यांच्या गावची गाणी लिहायची होती. सूर ते स्वतः लिहू शकत होते, शब्द मला लिहायचे होते. ते म्हणत, मी ऐकून देवनागरीत लिहीत असे. नाचाची, कापणीची, लग्नातली, मुलाला झोपवायची. त्या बोलीतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण आता सवय झाली होती. ते गात नसत. शब्द नुसते सांगायचे, औषधाची मात्रा सांगावी तसे. वीसेक दिवस आम्ही हे केलं.

मग एक गाणं आलं ज्याची एक ओळ त्यांनी सांगितली आणि थांबले. मी लेखणी धरून बसलो. त्यांनी तिसरी ओळ सांगितली.

"दुसरी राहिली," मी म्हटलं.

"दुसरी बायका म्हणतात."

"ती काय?"

ते विचार करत बसले. ते गाणं सवाल-जबाबाचं होतं. एका बाजूला पुरुष, समोर बायका हातात डफ घेऊन. पुरुष छेडायचे, बायका उत्तर द्यायच्या. "आम्ही ऐकायचो नाही," मास्तर म्हणाले. "त्या म्हणायला लागल्या की आम्ही आरडाओरडा करायचो. त्यातच मजा होती." थोड्या वेळाने म्हणाले, "कार्मेलाला येत होतं. सगळ्या बायकांना येत होतं."

मी दर एका ओळीनंतर एक ओळ कोरी सोडली. तसंच ते पान पूर्ण झालं.

त्या पानाने त्यांना छळलं. तालमीत मध्येच थांबून ते ओठ हलवत, मग मान हलवून पुढे जात. देवजीने हे पाहिलं आणि त्यांना सूर्यमाळला घेऊन गेला. मीही गेलो. या वेळी खळ्यावर नाच नव्हता. लाडकी ओट्यावर नागली पाखडत होती. देवजीने तिला काय झालं ते सांगितलं. तिला गाव पडल्याचं आधीच ठाऊक होतं, गाण्याचं नव्हतं.

"म्हण बघू," ती मास्तरांना म्हणाली.

त्यांनी पुरुषांची ओळ म्हटली. त्या पत्रानंतर त्यांचा गाण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग ते थांबले. लाडकीने सूप खाली ठेवलं आणि त्या मोकळ्या जागेत आपल्या भातलावणीच्या वेळच्या गाण्याची एक ओळ म्हटली. मास्तरांनी पुढची म्हटली. तिने आणखी एक. चांगलं लागत होतं. मला वाटलं, जमलं.

मास्तर थांबले. "हे नाही," ते म्हणाले.

"नाय तं नाय," लाडकी म्हणाली आणि तिने सूप परत उचललं. तिला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. पाखडता पाखडता तिने विचारलं, "कोण म्हणायची त्यां?"

"बहीण."

"नाव काय तिचां?"

"कार्मेला."

"करमाळा," ती म्हणाली. "आन् दुसरी?"

मास्तरांनी दुसरं नाव सांगितलं. तिने ते आपल्या जिभेला झेपेल तसं म्हटलं आणि ती कोण लागत होती ते विचारलं. चुलती. मग तिसरी. शेजारीण, नाक मोठं होतं, पाव चांगला भाजायची. लाडकी घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. तिने एकोणतीसच्या एकोणतीस नावं काढून घेतली. बायकांची झाली, पुरुषांची झाली, शेवटी दोन पोरं होती त्यांचीही झाली. सगळी चुकीची म्हटली. उच्चारासाठी माझ्यावर तीन-चार वर्षं हात वर करणारे मास्तर एकदाही तिला चुकलं म्हणाले नाहीत.

"लई माणसां होती तुजी," ती शेवटी म्हणाली.

"होती."

"भात हाय. बस जेवाया."

ते जेवले. दोनदा मागून घेतलं. परत येताना वाटेत एका झाडाखाली बसले आणि मला व देवजीला पुढे जायला सांगितलं. आम्ही वळणावर थांबलो. अर्ध्या तासाने ते आले. डोळे कोरडेच होते. पण त्या दिवसानंतर ते रस्त्यात भेटणाऱ्या माणसाला पुन्हा नावाने हाक मारायला लागले, ओकार लावून. मधले नऊ महिने त्यांनी कोणाला नावाने हाक मारली नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरं पत्र आलं. मी ते उघडायच्या आधी काळी कड शोधली. नव्हती. तरी वाचताना मी मान वर केली नाही. संपल्यावर मास्तर म्हणाले, "एक म्हातारी सापडली."

त्यांच्या वडिलांची चुलतबहीण. दगडांखालून तिला तिसऱ्या दिवशी काढलं होतं, नाव कळायला वर्ष गेलं, आता ती एका बंदराच्या गावी जोगिणींच्या मठात होती.

मी कोऱ्या ओळींच्या पानाकडे बघितलं. "तिला ते गाणं येत असेल."

"ती बहिरी आहे," मास्तर म्हणाले. "मी लहान होतो तेव्हापासून."

"बोलत तर असेल?"

"दोन-तीन शब्द. मी जातो तिच्याकडे."

"मग जाऊन काय करणार, मास्तर?"

त्यांनी थोडा वेळ खरोखरच विचार केला. "तिच्याजवळ बसीन," ते म्हणाले. "तेरा दिवस तरी."

त्यांनी दिवाणसाहेबांना जाऊन सांगितलं, "मी जातो, तू दुसरा बघ." दिवाणसाहेबांनी त्यांना थांबवलं नाही, उलट वाटेसाठी बैलांची दमणी दिली. बँडने निरोपाला मार्च वाजवला. तो त्यांनी उभं राहून, चूक काढत असल्यासारखा, शेवटपर्यंत ऐकला. देवजी मोखाड्यापर्यंत आला, तिथून वळून पाड्याकडे गेला. मी इगतपुरीपर्यंत गेलो. गाण्यांचं बाड त्यांनी मला दिलं होतं. मी म्हटलं तुम्हीच न्या, तर म्हणाले, "मला वाचता येत नाही."

इगतपुरीला गाडी उभी होती. मी त्यांना तिसऱ्या वर्गात खिडकीशी जागा धरून दिली आणि खाली उतरलो. त्यांच्या समोर एक जोडपं होतं आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी, कशावरून तरी हट्ट धरून रडत होती. आई तिला चापट द्यायला निघाली. मास्तरांनी आईकडे बघून हात आडवा केला, मग पेटीचा पट्टा खांद्यावर चढवला. मुलगी रडायची थांबली नाही, पण बघायला लागली. पुढे इंजिनाने वाफ सोडली आणि फलाटावर दुसरं काही ऐकू येईना. मला फक्त दिसत होतं. भाता उघडत होता, मिटत होता. समोरच्या माणसाचा गुडघा हलायला लागला होता. काय वाजवत होते, सरकारी की माणसाचं, ते मला कळलं नाही. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्यांनी केला नाही. त्यांचे दोन्ही हात पेटीत होते.